क्राफ्ट स्टोअरमधून मॉडेल रेल्वेची खरेदी: अमेरिकेतल्या मराठी हौशी मंडळींसाठी

आठ बाय चार फुटांच्या फळीवर एचओ स्केलमधला (प्रत्यक्षाच्या १:८७ आकाराचा) रुळांचा एक पूर्ण फेरा टाकला, तर स्लीपरांसकट त्याला जेमतेम दोन चौरस फूट जागा लागते. उरलेले तीस चौरस फूट म्हणजे डोंगर, माती, गवत, झाडं, पाणी, रस्ते आणि घरं. हे सगळं मॉडेल रेल्वेच्या खास दुकानातून छोट्या छोट्या पाकिटांत घ्यायला गेलात, तर इंजिनापेक्षा डोंगर महाग पडतो. म्हणून अमेरिकेतले जुनेजाणते हौशी लोक मायकल्स आणि हॉबी लॉबीसारख्या साखळी दुकानांत वरचेवर दिसतात. या दुकानांचा माल फुलांची सजावट, दागिने, केक आणि शाळेचे प्रकल्प यांच्यासाठी मांडलेला असतो. आपल्याला त्यातून रेल्वे शोधायची असते, आणि ती सापडते.

पुण्यात कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात लहानपणी काचेला नाक लावून उभं राहिलेले अनेक जण आज टेक्सासात नाहीतर न्यू जर्सीत आहेत. तळघर आहे, थंडीत हात मोकळे आहेत, आणि खंडाळ्याचा घाट मनात आहे. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी, त्यामुळे उदाहरणं सह्याद्रीची घेतली आहेत.

आधी यादीचे दोन भाग करा

घरून निघण्यापूर्वी कागदाच्या मधोमध एक रेघ मारा. डावीकडे गाडी ज्याला प्रत्यक्ष शिवते त्या सगळ्या गोष्टी लिहा: रूळ, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे), चाकं, डबे जोडणारी कपलिंग, वीजपुरवठा, डीसीसीचे (गाड्या डिजिटल संकेतांनी चालवण्याच्या पद्धतीचे) भाग. उजवीकडे फक्त नजरेला दिसणाऱ्या गोष्टी लिहा: जमीन, खडक, झाडी, भिंती, कुंपण, पाणी, रंग.

डावी बाजू क्राफ्ट स्टोअरमध्ये घ्यायचीच नाही. नाताळच्या सुमारास तिथे खेळण्यातल्या गाड्यांचे संच येतात. ते झाडाभोवती फिरवायला छान असतात, पण त्यांचे रूळ आणि चाकं आपल्या लेआउटला, म्हणजे फळीवरच्या मांडणीला, जुळतीलच असं नाही. अमेरिकेत चाकांची आणि रुळांची मापं एनएमआरए (नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन) ही १९३५ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. ज्या मालाच्या पाकिटावर स्केलच लिहिलेलं नाही तो डाव्या बाजूला चालणार नाही. ही खरेदी आपल्या गावातल्या छोट्या हॉबी शॉपमधूनच करा. मालक बहुधा स्वतः हौशी असतो, सांधा अडकला तर तोच मदत करतो, आणि अशी दुकानं टिकायला हवीत.

उजव्या बाजूच्या जवळजवळ प्रत्येक ओळीला क्राफ्ट स्टोअरमध्ये काही ना काही उत्तर आहे.

खिशात काय न्यायचं

मिलिमीटरच्या खुणा असलेली सहा इंची पोलादी पट्टी, आपल्या स्केलचा एक माणूस, एक लहानसं लोहचुंबक आणि ज्या जागेचं मॉडेल करायचं तिचा एक फोटो. फोटो फोनवर असला तरी चालतो, पण कागदावर छापलेला बरा. रंग जुळवताना पडद्याचा उजेड फसवतो.

आता थोडं गणित, कारण पुढची सगळी खरेदी त्याच्या आधारावर होणार आहे. एचओचं प्रमाण १:८७ आहे, म्हणजे प्रत्यक्षातला एक फूट मॉडेलमध्ये ३.५ मिमी होतो. एन स्केल १:१६०. तिथे एक फूट १.९ मिमी. अमेरिकेतलं ओ स्केल १:४८, तिथे एक फूट साधारण ६.३५ मिमी. एचओमधला माणूस दोन सेंटिमीटरच्या आत बसतो, सात फुटी दार साडेचोवीस मिमी, चाळीस फुटी झाड १४ सेंमी. हे तीन आकडे पाठ झाले की दुकानातली निम्मी वस्तू हातात न घेताच बाजूला पडते.

भारतीय गाड्या करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एचओचे रूळ १६.५ मिमी अंतराचे असतात, ते १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजसाठी. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमीचं. १:८७ ने भागलं तर १९.३ मिमी येतं. बहुतेक जण तयार एचओ रुळांवरच भारतीय डबे चालवतात आणि हा फरक मान्य करतात. मीही तेच सुचवेन. आजूबाजूचा देखावा नीट जमला तर पाहणाऱ्याचं लक्ष त्या तीन मिलिमीटरकडे जात नाही.

कोणत्या दुकानात जायचं

चित्र गेल्या काही वर्षांत बदललं आहे. ए. सी. मूरने २०१९ च्या अखेरीस दुकानं बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. १९४३ पासून चालत आलेल्या जोअॅनचीही सगळी दुकानं २०२५ मध्ये बंद झाली, आणि त्याबरोबर कापडाचा मोठा आधार गेला. आता मुख्यतः दोनच साखळ्या उरल्या आहेत.

रेल्वेवाल्यांसाठी पहिली पसंती हॉबी लॉबीला. तिथे प्लॅस्टिकच्या मॉडेल किटांचा स्वतंत्र विभाग असतो, आणि त्याच्या आसपास वुडलँड सीनिक्स या मॉडेल-देखाव्याचं सामान बनवणाऱ्या कंपनीचं गवत, खडी, प्लॅस्टर-कापड, तसंच बाल्सा-बासवुड या हलक्या लाकडांच्या पट्ट्या आणि पितळी नळ्या मिळतात. सगळ्या शाखांत सगळं नसतं. रविवारी हे दुकान बंद असतं, म्हणून जाण्याचा बेत शनिवारचा ठरवा. मायकल्स रविवारीही उघडं असतं. फुलं, रंग, दागिन्यांचं सामान आणि नाताळची गावं यांत ते पुढे आहे.

याशिवाय दोन ठिकाणं यादीत हवीत. डॉलर ट्रीमधला वीस बाय तीस इंची फोमबोर्ड, कारण त्याचा कागद सहज सोलून निघतो आणि आतला फोम विटा-दगड कोरायला मऊ असतो. आणि होम डिपो किंवा लोजमधला गुलाबी किंवा निळा इन्सुलेशन फोम. डोंगराचं पोट भरायला क्राफ्ट स्टोअरमधला फोम घेऊ नका. तिथले हिरवे-पांढरे ठोकळे लहान असतात आणि चौरस फुटामागे फार महाग पडतात. शिवाय पांढरा फोम कापला की त्याचे मणी घरभर होतात.

सुरुवात फुलांच्या विभागापासून

दुकानात शिरल्यावर आधी मॉडेलांच्या रांगेकडे धाव घेऊ नका. फुलांच्या विभागात जा. आपला सगळ्यात मोठा फायदा तिथेच होतो.

पिशवीतलं वाळवलेलं शेवाळ आणि लायकेन (दगडफूल) तिथे मोठ्या पिशव्यांत मिळतं. चकचकीत पोपटी रंगाचं टाळा; मातकट, राखाडी, नैसर्गिक रंगाचं घ्या, रंग आपण देऊ शकतो. वाळवलेल्या फुलांत यारो, स्टॅटिस आणि कॅस्पिया शोधा. यारोच्या तुऱ्याखालच्या बारीक फांद्या एचओमधल्या झाडाचा सांगाडा म्हणून अगदी बेतशीर असतात. फांदीवर पांढरा डिंक फवारायचा, बारीक चुरा केलेला रंगीत फोम भुरभुरायचा, आणि झाड तयार. निवडताना पट्टी लावा: मुख्य खोड जमिनीशी पाच-सहा मिमी जाड आणि एकूण उंची १२ ते १५ सेंमी असेल तर चाळीस फुटी झाड बरोबर दिसतं.

वडाचं झाड मात्र विकत मिळत नाही आणि आपल्या गावाचं स्टेशन वडाशिवाय होत नाही. त्यासाठी फुलांच्या देठांना लावतात ती बारीक तार घ्या, २४ किंवा २६ गेजची. वीस-पंचवीस तुकडे एकत्र पिळून खोड, मग दोन-दोन, तीन-तीन वेगळे काढत आडव्या पसरणाऱ्या फांद्या. खोडावर डिंक आणि बारीक माती. त्याच विभागातली ज्यूटची दोरी घेऊन तिचे सुटे तंतू फांद्यांखाली लोंबत लावले की पारंब्या झाल्या. एका संध्याकाळचं काम आहे आणि ते झाड पुढे वर्षानुवर्षं सगळ्यांच्या नजरेत भरतं.

दाट जंगलाच्या उतारांसाठी एकेक झाड करत बसायची गरज नाही. शिवणकामाच्या भागात उशीत भरायचा पॉलिएस्टर कापूस मिळतो. तो गडद हिरवा रंगवायचा, लिंबाएवढे विरळ गोळे ओढून काढायचे, केसांचा स्प्रे मारायचा आणि हिरवा चुरा शिंपडायचा. लोणावळ्याच्या पुढची झाडी लांबून अशीच गोलसर, एकमेकांत मिसळलेली दिसते.

खडक आणि डोंगर

आपला डोंगर अमेरिकन पाकिटांपेक्षा वेगळा आहे, आणि इथे थोडा वेळ द्यायला हवा. तयार रबरी साच्यांतले खडक बहुतेक वेळा टोकदार, उभ्या भेगांचे असतात, रॉकी पर्वतासारखे. सह्याद्री लाव्हाच्या आडव्या थरांचा बनलेला आहे. कातळाची एक उभी भिंत, मग उतारावर झाडीचा पट्टा, मग पुन्हा कातळ. ही पायऱ्यांची रचना दिसली नाही, तर वर कितीही हिरवळ लावा, घाट वाटत नाही.

त्यासाठी सगळ्यात चांगला माल नोटिसबोर्डांच्या किंवा स्वयंपाकघराच्या वस्तूंजवळ असतो: कॉर्कच्या लाद्या. पाच-सहा मिमी जाडीच्या घ्या. हाताने तोडा, कापू नका. तुटलेली कड बाहेर ठेवून एकावर एक आडव्या चिकटवल्या की थरांचा कातळ उभा राहतो. थरांची जाडी मुद्दाम कमीजास्त ठेवा.

मधल्या उतारांसाठी प्लॅस्टर-कापड. मोडलेल्या हाताला घालतात तसंच ते असतं. शिल्पकलेच्या विभागात रिजिड रॅप या नावानेही मिळतं. पट्टी पाण्यात बुडवायची, पुठ्ठ्याच्या किंवा फोमच्या सांगाड्यावर अर्धी-अर्धी एकमेकांवर टाकायची, प्लॅस्टर जास्त असलेली बाजू वर ठेवायची आणि ओल्या बोटांनी चोळून जाळीची भोकं बुजवायची. दोन थर पुरतात. त्यावर फटी भरायला स्कल्प्टामोल्ड, म्हणजे कागदाचा लगदा मिसळलेली प्लॅस्टरसारखी पावडर: साधारण दोन भाग पावडर, एक भाग पाणी. मिसळतानाच त्यात तपकिरी रंग घाला, म्हणजे पुढे कुठे टवका उडाला तरी आतून पांढरं दिसत नाही.

घाटाच्या चढाबद्दल एक सोयीचा योग आहे. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या मार्गाचा चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. वुडलँड सीनिक्सचे फोमचे तयार चढ २, ३ आणि ४ टक्क्यांचे येतात. ३ टक्क्यांचा घ्या; खऱ्या घाटाच्या अगदी जवळ जातो आणि इंजिनालाही झेपतो. माथेरानचा २० ला १ चढ मात्र या तयार संचांत बसत नाही, तो स्वतः कापावा लागतो.

रंगांची रांग

क्राफ्ट अॅक्रिलिकच्या दोन औंसांच्या बाटल्या हा या दुकानांतला सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी माल. देखाव्याला महागडे मॉडेल-रंग लागत नाहीत. ते इंजिन-डब्यांसाठी ठेवा. बर्न्ट अंबर, रॉ अंबर, रॉ सिएना, यलो ऑकर, पांढरा, काळा आणि मधला राखाडी, एवढ्यांत सगळा सह्याद्री रंगतो. माथेरानची लाल माती हवी असेल तर बर्न्ट सिएना जास्तीचा. सगळे मॅट घ्या. चमक आली की स्केल मोडतं.

कातळ काळा असला तरी नुसता काळा रंग लावू नका. राखाडीत थोडा बर्न्ट अंबर मिसळून पातळ हात द्या, वाळल्यावर फिकट राखाडी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडांवर घासा. भेगांत सावली हवी तर अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोन छोटे चमचे इंडिया इंक (काळी शाई) घालून ते मिश्रण वरून सोडा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ विस्तव नको.

गवताच्या रंगासाठी आधी महिना ठरवा. श्रावणातला घाट पिवळसर झाक असलेला लख्ख हिरवा असतो. दिवाळीनंतर तोच सोनेरी होतो आणि मार्चपर्यंत तपकिरी. वुडलँड सीनिक्सच्या यलो ग्रास आणि बर्न्ट ग्रासच्या मिश्रणाने हिवाळा चांगला साधतो. एकाच लेआउटवर दोन ऋतू मिसळू नयेत.

डबे जुने, धुळकट दाखवायला चित्रकलेच्या विभागातले खडू घ्या. मऊ, कोरडे पेस्टल घ्यायचे, तेलकट पेस्टल नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात. कोरडा खडू पात्याने खरवडला की गंजाची, कोळशाची, मातीची पूड हातात येते.

लाकूड, मणी, कागद

लाकडात बाल्सापेक्षा बासवुड निवडा. त्याचे तंतू बारीक असतात आणि कड स्वच्छ कापली जाते. एक अष्टमांश इंचाची पट्टी एचओमध्ये सुमारे ११ इंची तुळई होते, एक सोळांशाची साडेपाच इंची. एनमध्ये एक सोळांश म्हणजे बरोबर दहा इंच. पट्टी डोळ्यासमोर आडवी धरून वाक पाहा; वाकडी पट्टी घरी येऊन सरळ होत नाही.

दागिन्यांचा विभाग भारतीय रेल्वे करणाऱ्यांनी मुळीच चुकवू नये, कारण आपल्याकडे विजेच्या तारा आहेत. ११ नंबरचे काचेचे मणी सुमारे दोन मिमीचे असतात, म्हणजे एचओमध्ये १७ सेंमी. तपकिरी किंवा पांढरे मणी २८ गेजच्या तारेत ओवले की ओव्हरहेड तारांचे इन्सुलेटर झाले. साडेपाच मीटर उंचीवरची तार एचओमध्ये रुळांपासून ६३ मिमीवर येते, ते माप पट्टीवर खूण करून ठेवा. याच विभागात सर्वांत बारीक साखळी शोधा. मालगाडीवरच्या यंत्रांना बांधायला लागते.

स्क्रॅपबुकचे विटांचे कागद मोहात पाडतात. इथे पट्टी काढाच. अमेरिकन विटेच्या भिंतीत तीन थरांची उंची आठ इंच भरते, म्हणजे एचओमध्ये तीन थर मिळून फक्त २.३ मिमी. दुकानातल्या बहुतेक कागदांवरची एकेक वीट त्याहून मोठी असते. ओ स्केलवाल्यांना एखादा सापडू शकतो. डांबरी रस्त्यासाठी मात्र मुलांच्या विभागातला दोन मिमीचा काळा फोमशीट उत्तम. राखाडी रंगाचा एक पातळ हात द्या, पुरे. लग्नाच्या पडद्याची बारीक टूल जाळी तिरकी कापली की तारेचं कुंपण होतं.

नाताळच्या गावातली घरं आणि माणसं एचओला मोठी पडतात. तिथली माणसं साधारण पाच सेंटिमीटरची, आपली दोनची. शेजारी ठेवली की राक्षस दिसतात. त्या रांगेतून घ्यायचं ते बॅटरीवर चालणाऱ्या बारीक एलईडीच्या माळा आणि बाटली घासायच्या ब्रशसारखी झाडं. हिमाचे कण खरवडून झाडांवर हिरवा चुरा लावला की मागच्या रांगेला चालतात. ही खरेदी सणानंतरच्या क्लिअरन्समध्ये करा, आधी नाही.

पैशांचा हिशोब

हॉबी लॉबीचं एका वस्तूवर ४० टक्के सवलतीचं प्रसिद्ध कूपन २०२१ मध्ये बंद झालं, त्यामुळे आता तिथे आठवड्याची जाहिरात पाहूनच जायचं; विभागांवरच्या सवलती आळीपाळीने फिरतात. मायकल्सची कूपनं त्यांच्या अॅपवर येतात, पण काही ब्रँड वगळलेले असतात. बारीक अक्षरं काउंटरवर नाही, घरी वाचा.

एकाच मालाचे दोन भाव कसे असतात ते पाहायचं असेल, तर शाळेच्या प्रकल्पांच्या रांगेत सीन-अ-रामाची पाकिटं पाहा. तीही वुडलँड सीनिक्सचीच, पण छोटी. मोठ्या पिशवीशी घन इंचाच्या भावाने तुलना केली की महाग पडतात. एवढंसं गवत हवं असेल तरच घ्या. लेबलवरच्या भावात विक्रीकर धरलेला नसतो, तेही लक्षात असू द्या.

घरी आल्यावर, चिकटवण्यापूर्वी

वाळू, माती, खडी यांतल्या प्रत्येक पाकिटातून चुंबक फिरवा. लोखंडाचे कण चिकटले तर तो माल रुळांजवळ वापरायचा नाही. इंजिनाच्या मोटरीतलं चुंबक ते कण ओढून घेतं आणि मोटर बिघडते. रंगीत सजावटीची वाळू आणि मत्स्यालयाची खडी रुळांखाली घालू नका. खरी खडी दोन-अडीच इंचांची असते, एचओमध्ये ती ०.६ ते ०.७ मिमी व्हायला हवी; मत्स्यालयातला खडा तिथे धोंड्यासारखा दिसतो.

प्रत्येक डिंक आणि प्रत्येक स्प्रे आधी फोमच्या टाकाऊ तुकड्यावर लावून दहा मिनिटं थांबा. सॉल्व्हंट असलेला स्प्रे-पेंट आणि कित्येक स्प्रे-डिंक फोम विरघळवतात. फोमवर अॅक्रिलिक रंग आणि पांढरा डिंकच सुरक्षित.

खडी चिकटवायची कृती ठरलेली आहे: आधी कोरडी खडी मऊ कुंचल्याने नीट बसवा, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलची हलकी फवारणी, मग एकास एक प्रमाणात पाणी घातलेला पांढरा डिंक किंवा मॅट मीडियम (वाळल्यावर पारदर्शक, बिनचमकीचं होणारं अॅक्रिलिक), त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, आणि हे ड्रॉपरने कडेकडेने सोडायचं. साबणामुळे डिंक खड्यांवर थेंब धरून न बसता आत मुरतो. सांध्यांच्या हलत्या भागांपासून लांब राहा.

पाण्यासाठी दोन घटकांचं रेझिन घेतलंत तर ओढ्याची दोन्ही टोकं आणि तळ आधी बंद करा. रेझिन केसाएवढ्या फटीतूनही निसटतं. एका वेळी तीन मिमीपेक्षा जाड थर ओतू नका. आधीचा पूर्ण कडक झाल्यावरच दुसरा. उथळ, पावसाळी ओहोळासाठी रेझिन लागतच नाही, ग्लॉस मीडियमचे (त्याच्याच चमकदार प्रकाराचे) चार-पाच पातळ हात देऊन भागतं.

पहिल्याच फेरीत सगळं विकत घेऊ नका. दोन बाय दोन फुटांच्या एका तुकड्यापुरती यादी करा: प्लॅस्टर-कापडाचा एक रोल, कॉर्कच्या लाद्या, सात बाटल्या रंग, शेवाळाची एक पिशवी, यारोची एक जुडी, मॅट मीडियम, गवताच्या दोन छटा. तो तुकडा स्वतंत्र फोमवर करा, मुख्य लेआउटवर नाही. खडकाचा रंग आणि गवताची छटा दिवसाच्या उजेडात आणि तळघरातल्या दिव्याखाली, दोन्हीकडे पाहा आणि कोणत्या रंगाचे किती थेंब मिसळले ते तुकड्याच्या पाठीवर लिहून ठेवा. पुढच्या खेपेला तो तुकडाच सोबत घेऊन दुकानात जा.